पदवीविना खगोलशास्त्र: सर पॅट्रिक मूर यांची पंचावन्न वर्षांची आकाशवारी

२४ एप्रिल १९५७ रोजी रात्री साडेदहा वाजता ब्रिटनमध्ये बीबीसीच्या पडद्यावर एक उंचापुरा, विस्कटलेल्या केसांचा तरुण अवतरला. त्या दिवसांत आकाशात आरेंड-रोलाँ नावाचा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता आणि त्याविषयी अत्यंत वेगाने बोलत तो प्रेक्षकांना बाहेर जाऊन आकाश पाहण्याचे आवाहन करीत होता. कार्यक्रमाचे नाव होते 'द स्काय अ‍ॅट नाइट' आणि तरुणाचे नाव पॅट्रिक मूर.

मूर यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. ते कोणत्याही विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. तरीही पुढील पंचावन्न वर्षे, ९ डिसेंबर २०१२ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी निधन होईपर्यंत, त्यांनी दरमहा हा कार्यक्रम सादर केला. एकाच सूत्रसंचालकाने सर्वाधिक काळ चालविलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सातशेहून अधिक भागांपैकी केवळ एक भाग त्यांना चुकला. जुलै २००४ मध्ये अन्नविषबाधेमुळे ते अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांची जागा तरुण खगोलशास्त्रज्ञ ख्रिस लिंटॉट यांनी घेतली.

एक हौशी निरीक्षक एवढा काळ एका देशाचा आकाशशिक्षक कसा राहिला? आणि ज्या देशात ग्रहतारे रोज सकाळी राशिभविष्याच्या रूपाने घरोघरी पोहोचतात, त्या भारतातील वाचकाने त्यांच्या जीवनाकडे कसे पाहावे?

आजारी मुलगा आणि आईचे पुस्तक

पॅट्रिक आल्फ्रेड कॉल्डवेल-मूर यांचा जन्म ४ मार्च १९२३ रोजी लंडननजीकच्या पिनर येथे झाला. बालपणीच हृदयविकार जडल्याने त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. सहाव्या वर्षी आईच्या संग्रहातील सूर्यमालेवरचे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि आयुष्याची दिशा ठरली. अकराव्या वर्षी ते ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी निरीक्षकांच्या संस्थेचे सभासद झाले. किशोरवयातच त्यांनी चंद्रावरील विवरांविषयीचा आपला निबंध संस्थेपुढे मांडला. पुढे १९८२ ते १९८४ या काळात ते याच संस्थेचे अध्यक्ष होते.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात विमानाचे दिशादर्शक होते. आपली वाग्दत्त वधू लोर्ना ही परिचारिका बॉम्बहल्ल्यात मरण पावली, असे ते सांगत. त्यांनी अखेरपर्यंत विवाह केला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रात मात्र, त्यांनी सांगितलेल्या युद्धकाळातील हकिकती आणि लष्करी नोंदी यांचा सर्वत्र मेळ बसत नसल्याचे दाखवून दिले गेले. मूर हे रंगून कथा सांगणारे गृहस्थ होते. त्यांच्या चरित्राचा अभ्यास करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

युद्ध संपल्यावर केंब्रिजला जाण्याची संधी होती. परंतु सरकारी अनुदान न घेता स्वतःच्या कमाईवर शिकण्याचा त्यांचा हट्ट होता. त्यांनी एका शाळेत शिक्षकाची नोकरी धरली, सोबत पुस्तके लिहिली आणि केंब्रिजला जाणे राहूनच गेले. १९०८ सालच्या वुडस्टॉक टंकलेखन यंत्रावर ते आयुष्यभर लिहीत राहिले. त्यांच्या पुस्तकांची संख्या सत्तरहून अधिक आहे.

चंद्राच्या कडेवरचे काम

मूर यांना केवळ निवेदक मानणे अन्यायाचे ठरेल. त्यांचे खरे क्षेत्र होते चंद्र. चंद्र आपली एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो, असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आणि त्याचा अक्ष किंचित कललेला असल्याने तो पृथ्वीवरून पाहताना हलके डोलल्यासारखा दिसतो. या दोलनामुळे निरनिराळ्या वेळी मिळून त्याच्या पृष्ठभागाचा सुमारे ५९ टक्के भाग दृष्टीस पडतो. कडेचा हा पट्टा क्वचित आणि तोही तिरकस दिसतो. त्यामुळे त्याचे नकाशे फार कच्चे होते. मूर यांनी वर्षानुवर्षे दुर्बिणीला डोळा लावून, हाताने रेखाटने करून हा पट्टा अभ्यासला.

दुर्बिणीचा मोठा अभ्यासक्रम ठरलेल्या व्यावसायिक वेधशाळांना अशा कामासाठी सहसा वेळ नव्हता. हौशी निरीक्षकाला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत संघाच्या लूना-३ या यानाने चंद्राच्या पलीकडील बाजूची पहिली छायाचित्रे पाठविली. दृश्य आणि अदृश्य भागांची सांगड घालताना सोव्हिएत शास्त्रज्ञांना मूर यांच्या नकाशांचा उपयोग झाला, असे सांगितले जाते. ती छायाचित्रे ब्रिटिश प्रेक्षकांनी प्रथम पाहिली ती मूर यांच्याच कार्यक्रमात, थेट प्रक्षेपणात.

अर्थात त्यांचे सारेच निष्कर्ष टिकले नाहीत. चंद्रावरील विवरे प्रामुख्याने ज्वालामुखींमुळे बनली, या मताला ते दीर्घकाळ चिकटून राहिले. अपोलो मोहिमांनी आणलेल्या खडकांच्या अभ्यासातून बहुतेक विवरे अशनींच्या आघाताने बनल्याचे स्पष्ट झाले. चंद्राच्या कडेवरील 'मारे ओरिएंताले' या प्रदेशाचा शोध आपण लावल्याचे त्यांना वाटत होते. परंतु युलिउस फ्रान्झ या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याची नोंद करून नावही दिले होते. चंद्रावर क्षणभर दिसणाऱ्या संशयास्पद चमकांचाही त्यांनी पाठपुरावा केला. त्या चमकांविषयी आजही एकमत नाही.

भारतीय वाचकाला या साऱ्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने जाणवेल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवालगतच्या प्रदेशात उतरले. पृथ्वीवरून पाहताना तो प्रदेशही कडेकडे कललेला, आखडलेला दिसतो. आज तेथील दगडगोटेही यानांच्या छायाचित्रांत मोजता येतात. यानांच्या आधीच्या काळात मात्र अशा भागांचे ज्ञान वाढविणारे हात बहुतांशी हौशी निरीक्षकांचे होते.

विक्षिप्त, पण हेतुपूर्वक

डाव्या-उजव्या खांद्यांचा मेळ न बसणारा ढगळ कोट, एका डोळ्यावर काचेचे भिंग, उंचावलेली भुवई आणि तोफेसारखे सुटणारे शब्द, अशी मूर यांची छबी ब्रिटनमध्ये घरोघरी परिचित होती. ते स्वतः शिकून झायलोफोन वाजवीत, संगीतरचना करीत आणि सेल्सी गावच्या संघातून क्रिकेट खेळत. लेगस्पिन गोलंदाजी हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. १९९० च्या दशकात 'गेम्समास्टर' या व्हिडिओ गेमच्या कार्यक्रमात त्यांनी यंत्रमानवी मुखवट्यातून भूमिका केली आणि खगोलशास्त्राशी संबंध नसलेल्या पिढीलाही ते ठाऊक झाले.

थेट प्रक्षेपणाच्या त्या काळात फजितीही होत असे. एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडात माशी गेली. कॅमेरा सुरू होता, म्हणून त्यांनी ती गिळून टाकली आणि वाक्य पूर्ण केले. दुर्बिणीतून थेट दृश्य दाखविण्याचा मोठा गाजावाजा झाला आणि ऐन वेळी आकाश ढगांनी भरून गेले, असेही घडले. अशा प्रसंगी ते चिडत नसत. ढग हा आकाशनिरीक्षणाचाच भाग आहे, हे प्रेक्षकाला त्यातून आपोआप कळत असे.

१ एप्रिल १९७६ रोजी त्यांनी रेडिओवरून एक घोषणा केली. सकाळी ९ वाजून ४७ मिनिटांनी प्लूटो गुरूच्या मागे जाईल, त्या क्षणी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण किंचित कमी होईल आणि तेव्हा उडी मारणाऱ्यास तरंगल्याचा भास होईल, असे त्यांनी सांगितले. ठरलेली वेळ उलटताच अनुभव आल्याचे सांगणाऱ्या श्रोत्यांचे दूरध्वनी सुरू झाले. ते 'एप्रिल फूल' होते, हे नंतर उघड झाले.

ही थट्टा निरर्थक नव्हती. ग्रह एका रांगेत आले की पृथ्वीवर अनर्थ ओढवतो, ही समजूत त्या काळी पाश्चात्त्य देशांतही खपत होती. भारताने तिचा अनुभव फेब्रुवारी १९६२ मध्ये घेतला होता. मकर राशीत 'अष्टग्रही' जमल्याने प्रलय येणार, या भीतीने देशभर यज्ञयाग झाले. प्रलय आला नाही. साधे गणित असे की समुद्राला भरती आणण्याची गुरूची शक्ती चंद्राच्या तुलनेत एक लक्षांशाहूनही कमी आहे. प्लूटोचा विचारही करण्याचे कारण नाही. मूर यांनी हे गणित भाषणातून न सांगता श्रोत्यांच्या उडीतून शिकविले.

फलज्योतिषाला त्यांचा कडवा विरोध होता. मात्र पृथ्वी सपाट आहे किंवा आपण शुक्रवासीयांची भाषा बोलतो, असे म्हणणाऱ्या मंडळींशी ते सौजन्याने गप्पा मारीत. १९७२ मध्ये अशा लोकांवर त्यांनी एक गमतीदार पुस्तकही लिहिले. समोरच्याची हेटाळणी न करता त्याचा दावा त्याच्याच तोंडून पूर्ण ऐकवायचा आणि निर्णय वाचकावर सोपवायचा, ही त्यांची रीत होती.

प्रत्येक पत्राला उत्तर

१९६५ मध्ये मूर उत्तर आयर्लंडमधील आर्मा येथील तारांगणाचे संचालक झाले. १९६८ मध्ये ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेल्सी येथे परतले. तेथील 'फार्दिंग्ज' हे त्यांचे घर, अंगणातील दुर्बिणी आणि मांजरे यांची ख्याती दूरवर पसरली. १९६९ मध्ये मानवाचे चंद्रावरील पहिले पाऊल त्यांनी बीबीसीच्या प्रेक्षकांना समजावून सांगितले. त्या रात्रीच्या स्टुडिओतील चित्रफिती मात्र जतन झाल्या नाहीत.

त्यांचा मोठेपणा कदाचित पडद्याबाहेर अधिक होता. शाळकरी मुलाच्या पत्रालाही ते जुन्या यंत्रावर टंकलेले उत्तर पाठवीत. अनोळखी निरीक्षकासाठी घराचे दार उघडे असे. ब्रिटनमधील अनेक व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या ओढीचे श्रेय त्यांना दिले आहे. 'क्वीन' या वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांनी तीन दशके बाजूला राहिलेला आपला प्रबंध पूर्ण करून २००७ मध्ये डॉक्टरेट मिळविली, त्यामागेही मूर यांचे प्रोत्साहन होते. पुढे मे यांनीच त्यांचे घर विकत घेऊन ते त्यांना नाममात्र भाड्याने दिले, जेणेकरून वृद्ध मूर यांना अखेरपर्यंत आपल्या दुर्बिणींजवळ राहता यावे.

२००१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब, रॉयल सोसायटीचे मानद सदस्यत्व आणि बाफ्टा पुरस्कार असे तिन्ही सन्मान लाभले. बाफ्टा पुरस्कार त्यांच्या हाती देणारे होते चंद्रावर चाललेले दुसरे मानव, बझ ऑल्ड्रिन. २६०२ क्रमांकाच्या लघुग्रहाला 'मूर' हे नाव आहे.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राजकारणात ते कडव्या उजव्या मतांचे होते. स्थलांतरितांविरुद्धची त्यांची वक्तव्ये अनेकांना दुखावणारी होती आणि २००७ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी बीबीसीच्या घसरणीचे खापर स्त्रियांवर फोडले. आकाश सर्वांचे आहे असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाचे मन पृथ्वीवरच्या माणसांबाबत एवढे अरुंद असावे, ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनाही खटकत आली. आज त्यांचा कार्यक्रम कृष्णवर्णीय स्त्री-शास्त्रज्ञ मॅगी अ‍ॅडरिन-पोकॉक आणि ख्रिस लिंटॉट यांच्यासारख्या सादरकर्त्यांनी पुढे नेला आहे, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

खरडच्या गच्चीवरून मूर यांची यादी

मूर यांचा एक वारसा भारतातील हौशी निरीक्षक आजही वापरतात. अठराव्या शतकातील फ्रेंच निरीक्षक मेसिए यांनी तारकागुच्छ, तेजोमेघ व दीर्घिकांची यादी केली होती. तिच्यात दक्षिण आकाशातील अनेक सुंदर वस्तू नव्हत्या, कारण त्या पॅरिसहून दिसत नाहीत. मूर यांनी डिसेंबर १९९५ मध्ये १०९ वस्तूंची पूरक यादी प्रसिद्ध केली. 'म' हे अक्षर मेसिए यांनी आधीच व्यापल्याने त्यांनी आपल्या आडनावाचा पहिला भाग वापरला आणि यादी 'कॉल्डवेल' नावाने रूढ झाली. क्रमांक उत्तर ध्रुवाकडून दक्षिणेकडे वाढत जातात, त्यामुळे आपल्या गावाहून कोठवर मजल जाईल हे यादीवरूनच कळते.

यातील ८० वी वस्तू म्हणजे नरतुरंग तारकासमूहातील 'ओमेगा सेंटॉरी' हा गोलाकार तारकागुच्छ. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या या गुच्छात एक कोटीच्या आसपास तारे आहेत. मूर यांच्या सेल्सीतील अंगणातून तो कधीच क्षितिजावर येत नाही. चंडीगडजवळील खरड या पंजाबातील गावाहून तो दक्षिण क्षितिजावर सुमारे १२ अंश वर येतो. पुण्याहून सुमारे २४ अंश. मे महिन्याच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास नेमके दक्षिणेकडे पाहिल्यास साध्या द्विनेत्रीतून तो धूसर कापसाच्या बोंडासारखा दिसतो. त्रिशंकूजवळील ९४ वी वस्तू, 'रत्नपेटी' नावाचा गुच्छ, महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजालगत सापडतो. खरडहून मात्र तो दिसत नाही. उलट ४१ वी वस्तू दोन्हीकडून सहज दिसते. वृषभ राशीत रोहिणीभोवती दिसणारा तो इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा तारकागुच्छ आहे आणि त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.

अडचण अंतराची नसून उजेडाची आहे. खरडहून पाहताना पूर्वेचे आकाश चंडीगड आणि मोहालीच्या दिव्यांनी उजळलेले असते, तर पुण्या-मुंबईत आकाशगंगेचा पट्टा पाहिलेली मुले विरळाच. क्षितिजालगतची वस्तू पाहायची तर त्या दिशेला अंधार हवा, आणि तोच आता दुर्मीळ झाला आहे.

आपल्याकडील परंपरा

भारतात मूर यांच्यासारखे एकच नाव नाही. त्यांचे काम अनेकांनी वाटून घेतले. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणावेळी भीतीपोटी लोक घरात बसले आणि अनेक शहरांतील रस्ते ओस पडले. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणावेळी चित्र पालटले होते. दूरदर्शनने ते थेट दाखविले आणि प्रा. यशपाल यांनी ते सोप्या शब्दांत समजावले. पंजाब विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले यशपाल 'टर्निंग पॉइंट' या कार्यक्रमातून प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी दूरदर्शनवरील 'ब्रह्मांड' या मालिकेतून आणि मराठी लेखनातून हेच कार्य केले. २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. फलज्योतिषाला त्यांनी थट्टेऐवजी चाचणीने उत्तर दिले. डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या साहाय्याने त्यांनी हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या जमवून कोणती कुंडली कोणाची हे ओळखण्याचे आव्हान ज्योतिषांना दिले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रतिसाद देणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश सुमारे ४६ टक्के होते. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी सुमारे ५० टक्के यश मिळाले असते.

यशपाल आणि नारळीकर हे मोठे वैज्ञानिक होते. हौशी परंपराही महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून कार्यरत आहे. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी ग्रहणे, उल्कावर्षाव आणि अधिकमासाचे गणित वृत्तपत्रांतून सामान्य वाचकापर्यंत नेले. उणीव राहिली ती एकाच गोष्टीची: दरमहा ठरलेल्या दिवशी, 'या महिन्यात आकाशात काय पाहाल' एवढेच सांगणारा आणि दशकानुदशके न खंडणारा कार्यक्रम आपल्या वाहिन्यांना उभा करता आला नाही. राशिभविष्याला मात्र रोजची वेळ मिळाली.

मूर यांचा अखेरचा चित्रित भाग त्यांच्या निधनानंतर, जानेवारी २०१३ मध्ये प्रसारित झाला. कार्यक्रम बंद पडणार अशी चर्चा त्याच वर्षी सुरू झाली, तेव्हा प्रेक्षकांनी सह्यांची मोहीम चालविली आणि तो टिकला. त्यांची पडद्यामागची शिकवण साधी होती: प्रथम नुसत्या डोळ्यांनी तारकासमूह ओळखा, मग द्विनेत्री घ्या, दुर्बीण सर्वांत शेवटी, आणि जे दिसले ते तारीख-वेळेसह वहीत नोंदवा. या कामाला पदवी लागत नाही. निरभ्र रात्र, थोडा अंधार आणि पुढच्या महिन्यातही पुन्हा बाहेर येण्याची तयारी एवढेच लागते.